शेतांची लादीन

मे महिना आला की आमच्या गल्लीत अजून एका घरी मिरच्या भाजतात. एकाच घरी. बाकीच्यांचा मसाला आता गिरणीतून दळून येतो, नाहीतर दुकानातून बाटलीबंद. पण ते एक घर हट्टी आहे. अंगणात चूल मांडतात, मोठी कढई चढवतात, आणि मग सगळ्या गल्लीचा श्वास अडकतो. पलीकडच्या काचेच्या इमारतीत कामाला जाणारी पोरं रिक्षातून उतरता उतरता शिंकतात आणि वर बघतात, हा कुठला हल्ला म्हणून. मी खिडकी लावत नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिथेच उभी राहते. या वयात डोळ्यांत पाणी दिसलं की लोक कारण विचारतात. मे महिन्यात कारण आयतं मिळतं.

यंदा तो ठसका आला तेव्हा लिआना माझ्याकडे बसली होती. लिआना म्हणजे पास्कूची नात, आणि पास्कू माझा चुलतभाऊ. त्याचं काम पुढे पडणार आहे. ही मुलगी सर्जनशील लेखनात एम.ए. करते. अशी पदवी असते हे मला तिच्यामुळे कळलं. वर्गात एकाने लिहिलेलं बाकीचे सगळे मिळून फाडून काढतात, त्याला वर्कशॉप म्हणतात, आणि शेवटी प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी लिहून द्यावं लागतं. तिचं अडलं होतं. लॅपटॉप उघडा, पडदा कोरा, आणि ही नखं खात बसलेली. शिंकून झाल्यावर तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी वर्कशॉप असायचं का?"

"असायचं की."

"कुठे? युनिव्हर्सिटीत?"

"नाही गं. क्रुसाजवळ."

ती हसली. म्हातारीनं गंमत केली असं तिला वाटलं असणार. मी काही गंमत केली नव्हती.

साठचं दशक सरत आलं होतं. अंधेरीच्या पूर्वेला आमचं गावठाण. उतरत्या कौलांची घरं, मधे विहीर, विहिरीपलीकडे पांढरा दगडी क्रूस, आणि क्रुसाच्या पुढे, तेव्हापर्यंत, नुसती भातशेती. आम्ही ख्रिस्ती, पण बोलणं मराठी. हे अजूनही वेगळं सांगावं लागतं, कारण सांगितलं नाही तर लोक माझ्याशी हिंदीत बोलायला लागतात. एम.ए.च्या वर्गात पहिल्याच दिवशी पार्ल्याच्या एका मुलीनं मला विचारलं होतं, तू ख्रिश्चन, आणि मराठीत एम.ए.? मी म्हटलं, मग काय पोर्तुगीजात करू? वर्ग हसला. ती मुलगी पुढे माझी चांगली मैत्रीण झाली, पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. मी घरून निघताना आयनं माझ्या केसांना खोबरेल चोपडून दिलं होतं, नि त्या वर्गात तो वास फक्त माझ्याच डोक्याला येत होता.

आमच्या घराण्यात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेली मी पहिली. हे मी तेव्हाही मान वर करून सांगत होते, आजही सांगते. बी.ए. झाले तेव्हा चर्चच्या मराठी शाळेत मला शिकवायचं काम मिळालं. सकाळी शाळा, दुपारनंतर फोर्टात एम.ए.चे वर्ग. आयला यातलं पहिलं समजत होतं, दुसरं नाही. ती म्हणायची, "लिवून ताटान भात येतो काय गो?" आणि मी म्हणायचे, येईल. कसा येईल ते मलाही ठाऊक नव्हतं.

ताटातला भात हा आमच्या घरात त्या वर्षी नाजूक विषय होता. औद्योगिक वसाहतीसाठी सरकारनं शेतं घेतली होती. भरपाई मिळाली, ती कशी मिळाली आणि कशी गेली तो हिशेब इथे नको. मला आठवतो तो वास. दर मे महिन्यात शेतात राब भाजायचे. पालापाचोळा, गवत, शेण पसरून पेटवायचं म्हणजे त्या राखेत रोपं जोमानं येतात. संध्याकाळी सगळ्या गावठाणावर तो धूर आडवा पसरायचा, गोडसर, जडसर. घरात मसाल्याच्या मिरच्या आणि बाहेर राब. माझ्या लेखी मे महिना म्हणजे हे दोन धूर. त्या वर्षी पहिल्यांदा एकच धूर होता. दुसऱ्याच्या जागी भिंतीपलीकडून रंगाच्या कारखान्याचा वास यायचा. डोकं चढायचं. आय पदर नाकाला लावून मिरच्या भाजायची आणि म्हणायची, मिरची बरी, ती निदान खाता तरी येते.

आमच्याकडे शेतांना नावं असत. सरकारी कागदावर नंबर असतील, पण तोंडात नावं. लांबडी, चिंचेची, तळखाची, आवसची, बुडीत. आमच्या शेताचं नाव होतं रुसकी. पहिलं पाणी ती सगळं पिऊन टाकायची, बांधावर डबकंसुद्धा राहायचं नाही. शेजारची शेतं हिरवी झाली तरी ही भुंडी. मग सगळ्यांच्या मागून, मनात आलं की, अशी पिकायची की बघत राहावं. बा तिच्यावर कधी रागावला नाही. तिची समजूत काढत बसायचा. घरात काही झालं की तो आधी बांधावर जाऊन तिला सांगायचा. मी जन्मले तेव्हा सुईण अजून घरात होती, आणि हा गेला रुसकीला सांगायला. मी मॅट्रिक झाले, सांगून आला. बी.ए. झाले तेव्हा नोटीस आलेली होती, तरी गेला. गावठाणात लोक त्याची थट्टा करत. तो म्हणायचा, "तिलाच आदी कलाया पायजे. जेवन तिचा हाय."

मग तिच्याभोवती भिंत आली, फाटक आलं, फाटकावर खाकी कपड्यांतला वॉचमन आला.

आणि त्या मे महिन्यात बानं माझ्यासमोर एक गोष्ट ठेवली. ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरचं एक माणूस रंगाच्या कंपनीत घेऊ, असं वसाहतीच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, आणि बा त्या शब्दामागे वर्षभर फिरत होता. अखेर कंपनीनं सांगितलं, मुलगी बी.ए. आहे ना, टेलिफोनवर बसवू. जागा रिकामी आहे, पण याच महिन्यात यायला पाहिजे. मेच्या शेवटी माझी परीक्षा होती. कंपनी थांबायला तयार नव्हती आणि युनिव्हर्सिटीला तर माझं नावही माहीत नव्हतं. फोनची नोकरी म्हणजे दिवसभराची नोकरी. एम.ए. सुटणार हे उघड होतं.

बा जोर करणारा माणूस नव्हता. त्यानं जोर केला असता तर मी भांडले असते, ते सोपं होतं. तो एवढंच म्हणाला, "जमीन गेली. आत आपला एक मानूस पायजे." आणि बाजारातून माझ्यासाठी एक बायकी छत्री घेऊन आला, कारखान्यात जाता-येता ऊन लागू नये म्हणून. कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. ती काळी छत्री खुंटीला टांगलेली असायची आणि मी तिच्याखाली बसून अभ्यास करायचे.

आता एम.ए.च्या आमच्या सरांबद्दल सांगायला हवं. सर बारीक, पांढऱ्या कपड्यांतले, आवाज असा की मागच्या बाकावर काहीच ऐकू येऊ नये. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. एम.ए.ला एका पेपराऐवजी प्रबंध द्यायची सोय होती. सरांचं म्हणणं, दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिता, मग स्वतःचं का नाही? एखाद्या विद्यार्थ्यानं स्वतःचं लेखन दिलं तर ते का तपासू नये? विभागात पुष्कळ वादावादी झाली म्हणे. शेवटी एकाच विद्यार्थ्यापुरती परवानगी मिळाली, तीही अटीवर. बाहेरून परीक्षक येतील, तोंडी परीक्षा घेतील. त्यांनी हे साहित्य नाही म्हटलं तर पेपर गेला, वर्ष गेलं. सरांनी वर्गाला विचारलं, कोण करणार? पार्ल्याची मैत्रीण चांगली कविता लिहायची, पण तिनंही मान खाली घातली. मी हात वर केला. धाडस म्हणून नाही. बाकीच्यांसारखी जुन्या ग्रंथांवर पानंच्या पानं भरणं मला जमत नव्हतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा हात वर करणं सोपं वाटलं.

पहिला खर्डा मी आमच्या शेतांवर लिहिला. फार सुंदर लिहिला. त्यात धरणीमाता होती, तिचा हिरवा शालू होता, वाऱ्यावर डोलणारी सोनेरी कणसं होती. सरांनी सगळा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे शेत तुम्ही पाहिलंय का?"

मला इतका राग आला. मी म्हटलं, मी त्यात वाकून लावणी केलीय सर, माझ्या पायाच्या बोटांमधे अजून चिखल असेल.

"मग तो चिखल इथे कुठाय?" ते म्हणाले, आणि पेन्सिलीनं एकेक विशेषण खोडायला लागले. खोडता खोडता पानावर फारसं काही उरेना. हे असं महिनोन् महिने चाललं. मी लिहून न्यायची, ते खोडायचे. सरतेशेवटी जे राहिलं ते मला ओळखीचं वाटू लागलं. राब भाजताना पावलांना बसणारे चटके. आयच्या लुगड्याला येणारा धुराचा वास. लावणीच्या दिवसांत बायका काय काय बोलायच्या, ते आमच्याच बोलीत. आणि शेवटच्या पानावर नुसती शेतांची नावं, एकाखाली एक. नावांना विशेषण लावायची माझी हिंमतच राहिली नव्हती.

सरांची एक शेवटची अट होती. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवा. कुणी मधेच उठून गेलं तर ती पानं माझ्याकडे परत आणू नका.

लिआनाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बाप रे, आमची मॅम असं सांगेल तर कुणी पासच होणार नाही.

घरी मी आयला म्हटलं, बस, तुला वाचून दाखवते. ती म्हणाली, मसाला कुटायला बायका येणार आहेत, मला वेळ नाही. मग कढई उतरवता उतरवता तिनं मला तोड सांगितली. "सगल्यांचा लिवलंस ना? मंग सगल्यांना वाच. लादीन झाल्यावर वाच. चने यायचे असतात, कोन उठत नाय."

लादीन म्हणजे मरियेची आणि संतांची लांबलचक प्रार्थना. मे महिना मरियेचा, म्हणून रोज संध्याकाळी गावठाण क्रुसापुढे जमायचं. क्रुसाला झेंडूची माळ, पायाशी मेणबत्त्या, जमिनीवर चटया. पुढे नातालबाय. ही आमच्या गावठाणातली सगळ्यांत म्हातारी बाई, लादीन सांगण्याचा मान तिचा. ती एकेक नाव घ्यायची आणि बाकीचे सगळे सुरात उत्तर द्यायचे, "ओरा प्रो नोबीस". लॅटिन. अर्थ, आमच्यासाठी विनंती कर. चर्चमधे तेव्हा नुकतीच मराठीतून उपासना सुरू झाली होती आणि फादर सांगून थकले होते की आता हेही मराठीत म्हणा. पण नातालबायच्या तोंडाला ते वळण नव्हतं. तिला लॅटिनचं एक अक्षर कळत नव्हतं आणि लॅटिनशिवाय देवाला ऐकू जातं यावर तिचा विश्वास नव्हता. नाव यायचं, नावानंतर क्षणभर थांबा, आणि उत्तर. नाव, थांबा, उत्तर. वर्षानुवर्षं. पुढे पुढे डोळे मिटूनही तोंड बरोबर उत्तर द्यायचं. लहानपणी मी आयच्या मांडीवर झोपेतसुद्धा ते म्हटलंय.

लादीन संपली की पानावर उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटायच्या. त्या संध्याकाळी चण्यांना उशीर होता. आयनंच तो केला होता, हे मला नंतर कळलं. पास्कूनं ओरडून सांगितलं की आता आमची मास्तरीण वाचणार आहे, चूप बसा रे. पास्कू तेव्हा बिनकामाचा होता, आणि कुठल्याही कामात पुढे. पुरुष मागे उभे होते, विड्या ओढत. बा त्यांच्याही मागे, विहिरीच्या कठड्याला टेकून. लादीनमधे पुरुष नुसतं पुटपुटतात. बा तेवढंही करायचा नाही.

मी वाचायला लागले. सुरुवातीला मुलांचा गलका, कुणाची तरी खोकल्याची उबळ. राबाचा भाग आला तेव्हा गलका कमी झाला. लावणीतल्या बायकांचं बोलणं आलं तेव्हा पुढच्या बायका हसल्या, आणि एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, ही तूच आहेस म्हणून. कुणी उठलं नाही. चण्यांसाठी की माझ्यासाठी, सांगता येत नव्हतं. मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते, शेवटच्या पानापर्यंत बसा. कारण कुणी उठलं असतं तर मी पानं सरांकडे नेणार नव्हते, आणि पानं नेली नसती तर कामावर रुजू व्हायला ती छत्री घेऊन फाटकातून आत गेले असते. हे मी बाला सांगितलं नव्हतं. स्वतःशी ठरवलं होतं.

शेवटचं पान आलं. मी पहिलं नाव वाचलं, लांबडी. आणि थांबले, मेणबत्तीच्या उजेडात पुढची ओळ शोधायला. दुसरं वाचलं, चिंचेची. आणि पुन्हा थांबले.

नातालबायला डुलकी लागली होती. हातात जपमाळ, मान छातीवर. नाव झालं, थांबा पडला, आणि तिच्या तोंडानं जे वर्षानुवर्षं केलं होतं तेच केलं. स्वच्छ, सुरात, "ओरा प्रो नोबीस".

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग हशा पिकला. सगळ्यांत मोठा पास्कूचा. नातालबाय दचकून जागी झाली आणि आजूबाजूला बघायला लागली, आपलं काय चुकलं म्हणून. माझा चेहरा तापला. वर्षभराचं काम हशावर गेलं असं मला वाटलं. मी पानात डोकं घालून पुढचं नाव जवळजवळ ओरडले. तळखाची.

नातालबायनं सुरुवात केली की तिच्या दोन्ही बाजूच्या म्हाताऱ्या सूर लावतात, हा शिरस्ता होता. त्यांनी लावला. थट्टा नव्हती त्यात. समोर क्रूस होता, मेणबत्त्या होत्या, कुणीतरी नावं घेत होतं. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं. चौथं नाव घेतलं, आवसची, तेव्हा सगळ्या बायकांनी उत्तर दिलं. पाचव्याला विड्या खाली आल्या. मी हळू वाचायला लागले. ज्याच्या शेताचं नाव यायचं त्याची मान खाली जायची. आता कुणी हसत नव्हतं. भिंतीपलीकडून रंगाचा वास येत होता आणि तिकडचे दिवे लागले होते, पिवळे, आमच्या मेणबत्त्यांहून कितीतरी मोठे. मी नावं वाचत गेले आणि गावठाण उत्तर देत गेलं, जसं काही ही नावं पहिल्यापासून त्या प्रार्थनेतच होती, मधे कुणीतरी म्हणायची विसरलं होतं.

शेवटचं नाव आमचं होतं. रुसकी.

आणि कुणी उत्तर दिलं नाही. नातालबायनंही नाही. सगळे वळून विहिरीकडे बघत होते, कारण आमचा बा आणि रुसकी हे प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. बा कठड्यावरून सरळ झाला. त्यानं टोपी काढली. आणि लादीनमधे कधी तोंड न उघडणारा माणूस एकट्यानं, खड्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते तीन शब्द म्हणाला.

मग चणे आले.

घरी जाताना आय पुढे, टोपली घेऊन. तिला शांत राहणं कधी जमलं नाही. वळून मला म्हणाली, "सगल्या शेतांना संत केलंस गो. आता सात-बारा पोपाकरं पाठव." मी हसले. बा हसला नाही. घराच्या पायरीवर तो थांबला आणि म्हणाला, "तू आत बसून काय करशील? फोन घेशील. फोनवर तिचा नाव कोन इचारनार हाय?"

आय टोपली घेऊन आत गेली.

"भायेरच र्‍हा," तो म्हणाला. "नाव घेत र्‍हा."

दुसऱ्या दिवशी तो कंपनीत पास्कूला घेऊन गेला. पास्कू मॅट्रिकच्या काठावर पोचलेला, पण आवाज चांगला होता आणि इंग्रजी शिनिमा बघून बघून 'हॅलो' झकास म्हणायचा. त्याला घेतलं. तो निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. छत्रीही त्यालाच मिळाली. बायकी छत्री घेऊन हा कामाला जायचा, आणि कुणी हसलं की म्हणायचा, जागा बहिणीची आहे, छत्रीपण बहिणीची.

मी ती संध्याकाळ पानांत घातली. नावं जशी होती तशी, आणि प्रत्येक नावाखाली उत्तर. सरांनी वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, हे काढावं लागेल. परीक्षक कडक आहेत. त्यांना ही धर्माची टिंगल वाटेल, नाहीतर लेखिकेची युक्ती वाटेल. दोन्ही वाईट. तुमचं वर्ष जाईल. सर माझ्या भल्याचंच सांगत होते, आणि इतका धीर करून माझ्यासाठी भांडलेला माणूस तो. पण मी म्हटलं, सर, उत्तरं काढली तर नुसती यादी उरते. यादी सरकारकडे पण आहे. सर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, बरं, तुमची जबाबदारी.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी आयचं चांगलं लुगडं नेसले होते, आमच्या पद्धतीनं. ते ठरवून नेसले होते. परीक्षक जाडजूड, घामाघूम, समोर पाण्याचा ग्लास. पंखा फिरत होता आणि माझी पानं उडू नयेत म्हणून त्यांनी त्यांवर चष्म्याची डबी ठेवली होती. प्रबंध दिलेल्या बाकीच्यांना त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते, बाहेर ऐकू येत होतं. मला एकच विचारला. "हे लोक असं चुकून म्हणाले, की मुद्दाम?"

मी खरं ते सांगितलं. पहिल्यांदा चुकून. नंतरचं मला माहीत नाही.

त्यांनी डबी उचलली, पानं नीट जुळवली, आणि मला जायला सांगितलं.

हे सगळं मी लिआनाला सांगत होते तोवर मिरच्यांचा वास विरला होता. तिनं विचारलं, मग ते छापलं का कुठे? नाही छापलं. एका मासिकाला पाठवलं होतं, साभार परत आलं. मी पुढे शाळेतच शिकवलं, मुलांना विशेषणं खोडायला लावली, आणि अधूनमधून असं काहीबाही लिहीत राहिले. मला वाईट वाटतं का? पूर्वी वाटायचं. पण एम.ए. म्हणजे मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मला सरांची पेन्सिल आठवते आणि नातालबायची डुलकी. लिहिणारी नुसती नाव घेते आणि थांबते. उत्तर ज्यांचं त्यांनी द्यायचं असतं. कधी ते देत नाहीत. थांबावं लागतं तेवढं. याहून जास्त मला आजही माहीत नाही.

तो रंगाचा कारखाना आता नाही. तिथे काचेची इमारत आहे, ती शिंकणारी पोरं तिथेच जातात. क्रूस मात्र आहे. रस्ता त्याला वळसा घालून जातो. मे महिन्यात लादीन होते, मराठीत होते, आणि चण्यांच्या जागी वेफरची पाकिटं वाटतात. लिआना म्हणाली, आज संध्याकाळी मी येऊ का? मी म्हटलं, ये, पण लॅपटॉप घरी ठेव.

निकालाचं राहिलं. निकाल लागला तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. एरवी त्या दिवसांत बा गुडघाभर चिखलात असायचा. त्या वर्षी तो ओसरीवर बसून हातांना चाळा म्हणून काथ्या वळत होता. मी आले, सांगितलं, पास झाले. आयनं माझी अलाबला घेतली, मग लगेच विचारलं, शाळेत आता तुझं पद वाढणार का. बा उठला. काथ्या बाजूला ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडला. आम्हाला वाटलं, क्रुसाकडे गेला असेल, मेणबत्ती लावायला.

पुढचं पास्कूनं सांगितलं. त्याचं टेलिफोनचं टेबल फाटकाशेजारच्या खिडकीत होतं. त्यानं बघितलं, काका फाटकाशी उभे. वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है, चाचा?" बा म्हणाला, कुणाला नाही. जागेला सांगायचंय. वॉचमनला काही कळलं नाही, पण तोही कुठल्या तरी गावाहून, शेतातूनच आलेला असावा. तो बाजूला झाला. बानं गजांना हात लावला, आत बघितलं, जिथे आता पत्र्याची शेड होती आणि पिंपं रचलेली होती, आणि रोजच्या आवाजात म्हणाला, आमची रेजीन एम.ए. झाली.

मग तो तिथेच उभा राहिला, पास्कू म्हणाला, बराच वेळ. पाऊस लागला होता, टोपी भिजत होती, फाटकातून लॉरी आत गेली आणि बाहेर आली, तरी तो हलला नाही. पास्कूला वाटलं काका बावचळले. मला तसं वाटलं नाही. रुसकी कधीच लगेच उत्तर द्यायची नाही, आणि बाला ते ठाऊक होतं.